पोटखराब्यात नांदणारा आंबोलीचा भेक

मृगाचा पाऊस पडला की तुंगारेश्वरच्या पायथ्याला परोळ, शिरवलीकडे रात्रभर बेडूक ओरडतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! पण त्यांचा एक सोयरा आपल्याच सह्याद्रीत, सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या आसपास तेवढा राहतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

हा आंबोलीचा भेक. जीव केवढा, तर दीड इंचाच्या आतबाहेर. अंगावर पिवळ्या खुणा, वाघाच्या पट्ट्यांची आठवण करून देणाऱ्या. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही ‘टायग्रिना’ आले. डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याची जगाला ओळख करून दिली. त्याचा भाऊबंद कोयनेचा भेक मात्र १९६३ सालीच नोंदला गेला होता. आंबोलीचा भेक आज अतिसंकटग्रस्त गणला जातो.

त्याचे सगळे गणित डबक्यावर. जंगलाला लागून जांभ्याचा उघडा कातळ असतो. पहिल्या पावसात त्यातल्या खळग्यांत चार बोटे पाणी साचते, की मादी तिथेच अंडी घालते. मोठे तळे नको, विहीर नको. पण पावसाने ओढ दिली आणि डबके आटले, तर पिल्ले गेलीच. त्यात कातळावर गाडी उभी केली, भराव टाकला, किंवा रात्री घाटरस्त्यावर चाकाखाली भेक चिरडले, तर ते दुसरीकडून यायचे कुठून?

सातबाऱ्यावर असला कातळ ‘पोटखराबा’ म्हणून लागतो. मीही बरीच वर्षे त्याला वाया गेलेली जमीनच समजत होतो. आणि खरे सांगायचे तर, एकदा प्रात्यक्षिकानंतर फवारणी पंप मी बांधाशेजारच्या डबक्यातच विसळला होता. पाण्यात वळवळ होती. तेव्हा त्याचे काही वाटले नाही.

आपल्याकडचा खडबडीत अंगाचा साधा भेक आंबोलीवाल्याइतका दुर्मिळ नाही. तो रात्री बांधावर किडे टिपतो, मजुरी मागत नाही. तेव्हा पंप धुतलेले पाणी डबक्यात, ओहोळात सोडू नका. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी कातळावर मुरूम-डेब्रिज टाकायला होकार देण्याआधी जूनमध्ये एकदा तिथे जाऊन वाकून पाहावे. बॅटरी घेऊन रात्री गेलात तर उत्तम. गमबूट मात्र घाला, फुरसे त्याच वाटेने फिरते.