आभासी यंत्राचे घड्याळ चुकते तेव्हा

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत आपले क्लाउड केंद्र सुरू केले. मुंबईनंतरचे ते या कंपनीचे देशातील दुसरे केंद्र. पणजीतील एखाद्या कार्यालयालाही तेथे सर्व्हर भाड्याने घेता येतो; मात्र हाती येतो तो बहुधा स्वतंत्र संगणक नव्हे, तर मोठ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभारलेले आभासी यंत्र. त्याला स्वतःचे घड्याळ नसते. वेळ त्याला यजमान यंत्राकडून उसनी घ्यावी लागते.

संगणकातील क्वार्ट्झ स्फटिकही काटेकोर नसतो. दहा लाख सेकंदांत २० सेकंदांची चूक धरली, तरी दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद होतात. आभासी यंत्रात त्यात भर पडते. यजमानावर ताण आला की त्याला प्रोसेसरसाठी ताटकळावे लागते. गोठवून पुन्हा सुरू केले, तर मधला काळ त्याच्या हिशेबातून गळू शकतो.

काही सेकंदांनी काय बिघडते? मोबाइल ॲपमधील प्रवेशसंकेत साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. घड्याळ मागे राहिले की योग्य संकेतही नाकारला जातो. कार्यालयीन नेटवर्कमधील कर्बेरोस ही ओळख-पडताळणी सहसा पाच मिनिटांहून अधिक तफावत खपवून घेत नाही. घुसखोरीच्या तपासात तर गोंधळ अधिकच गंभीर. दोन सर्व्हरांच्या नोंदींत आधी काय घडले आणि नंतर काय, हेच ठरत नाही. म्हणूनच सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवणे बंधनकारक केले. अनेक देशांत पसरलेल्या संस्थांना अन्य अचूक स्रोत चालतो, पण तो या वेळेपासून ढळता कामा नये.

लिनक्स यंत्रावर हे काम क्रोनी हा प्रोग्राम चोख करतो. मात्र घड्याळाला धनी एकच असावा. यजमानाचे साधन आणि क्रोनी दोघेही वेळ बदलू लागले, तर काटा पुढे-मागे ओढला जातो. अशा वेळी यजमानाकडून होणारी नियमित जुळवणी बंद करून सूत्रे क्रोनीकडे द्यावीत. ॲमेझॉनच्या यंत्रांना १६९.२५४.१६९.१२३ या अंतर्गत पत्त्यावर वेळ मिळते. बाहेरचा स्रोत घेतल्यास फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ हा पोर्ट मोकळा लागतो, आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते.

तफावत मोठी असली तरी चालू डेटाबेसखाली घड्याळ झटक्यात मागे नेऊ नये; नंतरच्या नोंदीवर आधीची वेळ पडते. क्रोनी एरवी घड्याळाची गती किंचित बदलून फरक हळूहळू भरून काढतो. एकदम उडी केवळ यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या काही जुळवण्यांपुरती ठेवावी. पुढे ‘ट्रॅकिंग’ ही आज्ञा देऊन उरलेला फरक पाहता येतो. तो जवळपास शून्य असूनही पडद्यावरची वेळ नेमकी साडेपाच तास मागे दिसत असेल, तर दोष घड्याळाचा नाही. वेळक्षेत्र भारतीय करायचे राहून गेले आहे.