उताराची रेघ

1994 साली मी पुण्यात एका प्लंबिंग सल्लागाराकडे ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा लाइन काढणं म्हणजे खरोखरच रेघ ओढणं होतं. आर्किटेक्टच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर टाकायचा, टी-स्क्वेअर सरळ करायचा आणि रोट्रिंग पेननं गार पाण्याची अखंड, गरम पाण्याची तुटक, मैल्याची जाड रेघ काढायची. चुकलं की ब्लेडनं शाई अलगद खरवडायची. हात जड पडला की कागदाला भोक. अमोनिया प्रिंटचा झोंबरा वास घरी गेल्यावरही कपड्यांना यायचा.

त्या रेघेला ना जाडी होती, ना उंची. अर्ध्या इंचाचा नळ काय आणि चार इंचांचा मैल्याचा पाइप काय, कागदावर दोन्ही रेघाच. शेजारी उताराचा बाण काढून 'साठात एक' असं लिहिलं की आमचं काम संपलं. उतार प्रत्यक्षात जमवायचा तो साइटवरच्या प्लंबरनं, पारदर्शक नळीत पाणी भरून, दोरी ताणून.

ऑटोकॅड 1982 साली बाजारात आलं होतं. आमच्या ऑफिसात ते यायला 1997 उजाडलं. खरवडणं थांबलं. पाण्याचा एक लेयर, मैल्याचा दुसरा, सांडपाण्याचा तिसरा. नहाणी ट्रॅपचा ब्लॉक एकदा बनवला की हवा तिथे टाकायचा. (इंग्रजी नकाशांतही या ट्रॅपला नहाणी ट्रॅपच म्हणतात, याचं मला फार अप्रूप वाटे.) एका मजल्याचं टॉयलेट काढलं की बारा मजल्यांवर कॉपी. पण रेघ होती तशीच राहिली. कॅडनं आम्हाला वेग दिला, उंची दिली नाही, आणि चूक झाली तर तीही बारा मजल्यांवर कॉपी होई.

2003 च्या सुमाराची एक इमारत मी विसरू शकत नाही. वरच्या टॉयलेटचे उभे पाइप खाली पार्किंगच्या मधोमध उतरत होते, म्हणून पार्किंगच्या छताखालून त्यांना आडवं फिरवून शाफ्टपर्यंत न्यायचं ठरलं. नकाशावर नऊ मीटरची सुंदर सरळ रेघ, बाण, साठात एक. नऊ मीटरला साठात एक म्हणजे पाइप शेवटी 150 मिलिमीटर खाली यायला हवा. वाटेत खोल बीम होता आणि त्याच्या खाली गाड्यांसाठी ठरलेली उंची. बीमला भोक पाडायला स्ट्रक्चरल इंजिनीअरनं नकार दिला, तो बरोबरच होता. मग प्लंबरनं पाइप जवळजवळ सपाट नेला. पहिल्या वर्षातच लाइन तुंबली आणि पहिल्या मजल्यावरच्या घरात नहाणी ट्रॅपमधून मैला वर आला. त्या घरातल्या आजी आमच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत, नुसतं दार उघडून बाजूला झाल्या. ती रेघ मी काढली होती.

इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवणारं रेव्हिट हे सॉफ्टवेअर तेव्हा आर्किटेक्टांसाठी होतं. ऑटोडेस्कनं ते 2002 साली विकत घेतलं आणि आमच्या कामासाठीची त्याची आवृत्ती 2006 साली आली. आम्ही 2010 मध्ये शिकायला बसलो. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की इथे रेघ काढता येत नाही, पाइप टाकावा लागतो. व्यास किती, कशाचा, कोणत्या पातळीवर, उतार किती, हे सगळं आधी ठरवायचं. वळण घेतलं की बेंड आपोआप बसतो, आणि जागा पुरत नसेल तर बसत नाही.

सुरुवातीची वर्षं त्रासाची गेली. तयार मिळणारी फिटिंग्ज अमेरिकी पद्धतीची; आपला नहाणी ट्रॅप, दरवाजाचा बेंड, साडेसत्याऐंशी अंशांचा टी, सगळं आम्ही एकेक करून स्वतः बनवलं. उतार दिलेल्या लाइनीला आडवी शाखा जोडताना जोड तुटायचे, अर्धा दिवस त्यातच जायचा. काही सहकारी कंटाळून कॅडकडे परतले. मला मात्र त्या तुटणाऱ्या जोडात पार्किंगचं ते छत दिसायचं. जे इथे जुळत नाही ते साइटवरही जुळणार नव्हतं; फरक इतकाच की इथे ते कुणाच्या घरात शिरण्याआधी कळत होतं.

पुढे नेव्हिसवर्क्समध्ये सगळ्यांची मॉडेलं एकत्र आणून टकरा शोधायला लागलो. आता बीममध्ये घुसलेला पाइप मीटिंगमध्ये पडद्यावर लाल दिसतो आणि आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, एसीवाले सगळे तो बघतात. तरीही आमचा पाइप सगळ्यात शेवटी मॉडेलमध्ये येतो. फॉल्स सीलिंगची उंची ठरलेली असते, एसीच्या डक्टनं जागा धरलेली असते. खरं तर डक्ट चपटा करता येतो, केबल वळवता येते, दाबाखालचं पाणी बीमला वळसा घालून वर चढवता येतं. मैल्याच्या पाइपला फक्त खालीच जाता येतं.

म्हणून आर्किटेक्ट मित्रांना विनंती आहे: सीलिंगची उंची नक्की करण्यापूर्वी ड्रेनेजची लाइन उतारासकट मॉडेलमध्ये टाकून घ्या. तिच्या शेवटच्या टोकाची पातळी बघा, आणि मगच बाकीच्यांना जागा वाटा.