न केलेल्या चिखलणीचा हिशेब

जुलै उजाडला की कळंब परिसरातली खाचरं माणसांनी भरून जातात. कुठे चिखलणी चालू, कुठे राबातलं आवण उपटून मुठी बांधणं, कुठे वाकून लावणी. कर्जत तालुक्यातल्या भातशेतकऱ्याचं अख्खं वर्ष या दोन-तीन आठवड्यांत अडकलेलं असतं, कारण सगळ्या गावाची घाई एकाच वेळी असते आणि मजूर तेवढेच असतात. त्यात पावसाने ओढ दिली तर चिखलणी थांबते. राबातलं रोप मात्र थांबत नाही. साधारण 21 ते 25 दिवसांचं रोप लावणीला चांगलं. त्याहून जून झालं की फुटवे कमी येतात. उशिराची किंमत मजुरीतही मोजावी लागते आणि उत्पन्नातही.

जुन्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर भाताची लवकर येणारं हळवं, मधलं निमगरवं आणि उशिरा येणारं गरवं अशी वाटणी झाली. पाणी लवकर ओसरणाऱ्या उंचवट्याच्या जमिनीत हळवं, पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट खाचरात गरवं. पिकं पुढेमागे तयार होत आणि कापणी एकदम अंगावर येत नसे. लावणीला सावड असायची: आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. आता घरातली तरुण मंडळी पहाटेच्या लोकलने कल्याण-मुंबई गाठतात. कर्जत ते सीएसएमटी 100 किलोमीटर. एका फेरीचेच दोन तास जातात. शेतीसाठी उरतो तो रविवार.

याच तालुक्यात, नेरळजवळच्या मालेगावात, सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी या कोंडीकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. चिखलणी आणि लावणी लवकर कशी उरकायची, यावर पुष्कळ डोकी लढली होती. ही कामं मुळात हवीतच का, असं त्यांनी विचारलं. त्यातून ‘सगुणा राइस टेक्निक’ उभं राहिलं. शेतकरी त्याला एसआरटी म्हणतात. एकदा गादीवाफे करायचे आणि पुढे ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटर अंतरावर खड्डे पाडून त्यात थेट बी टोकायचं. राब नाही, नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची.

खरा फायदा दिसतो तो भात निघाल्यावर. वाफे तयारच असल्याने जमिनीतली ओल उडून जायच्या आत वाल किंवा हरभरा टोकता येतो. वालाला तर त्या ओलीचाच आधार. मशागतीत गेलेले आठ-दहा दिवस इथे फार महाग पडतात.

पण काम वगळलं म्हणजे जबाबदारी संपली, असं कुणी समजू नये. चिखलणी तण दाबते. ती सोडली की तण हाच पहिला शत्रू होतो. पेरणीनंतर लगेच तणनाशकाची फवारणी आणि नंतरची बेणणी चुकली तर वाचवलेले सगळे दिवस तणात जातात. तणनाशकावरचा हा भर या पद्धतीची मोठी मर्यादा आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्याला पहिला महिना शेताकडे लक्ष देणं जमणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

दुकान, कचेरी, घर चालवणाऱ्यांनाही हा हिशेब लागू पडतो. बहुतेक जण सकाळी कामांची यादी करतात आणि सगळीच कामं जलद उरकायला धावतात. यादीतलं कुठलं काम केवळ सवयीने होतंय, हे तपासायला मात्र कुणी बसत नाही. दिवस वाचतो तो तिथे. जे काम चुकलं तर बाकी सगळं फसतं, ते शेतातल्या तणासारखं आधी हातात घ्यावं लागतं.

भातशेती करणाऱ्या वाचकांनी येत्या हंगामात सगळं शिवार बदलायला जाऊ नये. एखादं छोटं खाचर निवडावं, शेजारच्या खाचरात नेहमीची लावणी करावी, आणि दोन्हीकडे किती माणसं, किती दिवस लागले ते वहीत रोजच्या रोज टिपून ठेवावं. वाल निघेपर्यंत ती वही बंद करू नये.