पक्षाघातानंतरचे पुनर्वसन : खाटेपासून उंबरठ्यापर्यंत

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस रुग्णालयातून घरी आला की, तो वाचला या समाधानात घरातील मंडळी त्याला खाटेवर निजवून ठेवतात. त्याला श्रम पडू नयेत, हा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु गेलेली हालचाल परत मिळविण्याच्या दृष्टीने पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे असतात आणि नेमका हाच काळ अनेकदा खाटेवर निघून जातो.

दोष हातात नाही

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे तेथील पेशी मरतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यास शरीराची उजवी बाजू आणि उजव्या भागाला झाल्यास डावी बाजू दुबळी होते. हातपाय लुळे पडले तरी मूळ बिघाड हातापायांत नसून त्यांना आज्ञा देणाऱ्या मेंदूत असतो. म्हणूनच तेलाच्या मालिशीने आराम वाटला, तरी केवळ तिच्यामुळे हालचाल परत येत नाही.

मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत, हे खरे. तथापि मेंदूचे निरोगी भाग नव्या जोडण्या करून गेलेल्या कामाचा काही वाटा उचलू शकतात. हे घडते ते सरावाने. मूल जसे पाटीवर तेच अक्षर पुनःपुन्हा गिरवून शिकते, तसेच तांब्या धरणे, सदऱ्याचे बटण लावणे, खुर्चीवरून उठून उभे राहणे ही कामे रुग्णाला रोज अनेक वेळा करावी लागतात.

चांगल्या हाताची सवय

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधले. रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने उरकू लागतो आणि दुबळा हात न वापरण्याची त्याला सवयच जडते. त्यांच्या पद्धतीत चांगला हात दिवसाचा बराचसा वेळ अडकवून ठेवून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, झटका येऊन ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा समावेश होता. दोन आठवड्यांच्या अशा सरावाने झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. मात्र मनगट व बोटे थोडी तरी हलत असतील तरच ही पद्धत उपयोगी पडते आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच अवलंबावी.

घरात घ्यावयाची काळजी

रुग्णाला केव्हा आणि किती उठवावयाचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पहिल्याच दिवशी अति घाई केल्यास अपाय होऊ शकतो. उठविताना लुळा हात धरून ओढू नये, त्यामुळे खांदा निसटतो. निजलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. अन्नपाणी बसवूनच द्यावे आणि ठसका लागत असेल तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे. बोलता येत नाही म्हणून समजत नाही, असे मानू नये. पुष्कळ रुग्णांना समजत असते. केवळ शब्द सापडत नाहीत. रक्तदाबाची औषधे मनाने बंद केल्यास दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो.

भार एकट्या कुटुंबावर नको

भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबीयांना शिकवून घरच्या घरी व्यायाम करविल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे तीत आढळले नाही. कुटुंबाचा आधार हवाच. परंतु प्रशिक्षित भौतिकोपचार तज्ज्ञाची जागा तो भरून काढील, अशी अपेक्षा धरता येत नाही. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून पुनर्वसनाला वाहिलेली अखिल भारतीय संस्था आहे. परंतु खेड्यातील रुग्णाला आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी नेणे, हाच खरा प्रश्न असतो.

येथेच ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवर आहे. कायमचे अपंगत्व आलेल्या रुग्णाला प्रमाणपत्र मिळवून देणे, आधाराची काठी वा चाकाची खुर्ची, पायरीशेजारी उतार, शौचालयात धरावयाचा दांडा, या गोष्टींना फार खर्च येत नाही. शिक्षकांनीही पक्षाघाताची लक्षणे मुलांना सांगावीत : तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोबडी वळणे. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे मुलांमार्फत घरोघरी पोहोचेल.

काही रुग्ण पूर्ववत होत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु जो माणूस काठीच्या आधाराने स्वतः उंबरठा ओलांडतो आणि आपल्या हाताने घास घेतो, त्याचे व त्याच्या घराचे आयुष्य पालटते. त्यासाठी रुग्ण आपल्या गावी परत आला, की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करणे अगत्याचे आहे.