अकराव्या कार्बनवरचा ऑक्सिजन

२१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर गाव. तिथल्या सेंट मेरीज रुग्णालयात एकोणतीस वर्षांच्या एका बाईला इंजेक्शन देण्यात आलं. आमवातानं तिचे सांधे पार जखडले होते. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तोवरचे सगळे उपाय करून पाहिले होते, आणि गुण आल्याशिवाय घरी जाणार नाही, असं तिनं त्यांना बजावलं होतं. औषधाचा साठा इतका तुटपुंजा की रोजचे शंभर मिलिग्रॅमसुद्धा हात राखूनच वापरावे लागत. दोन-तीन दिवसांत ती अंथरुणात सहज कुशीवर वळू लागली. आठवडाभरात ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली.

त्या बाटलीतल्या औषधाला तेव्हा धड नावही नव्हतं. प्रयोगशाळेत त्याला ‘कंपाउंड ई’ म्हणत. पुढे ते कॉर्टिसोन म्हणून जगाला माहीत झालं, आणि दोनच वर्षांनी, १९५० साली, फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउश राइखश्टाइन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. इतक्या झटपट मिळालेली नोबेलं थोडीच.

हेंच हा आमवाताचा डॉक्टर. १९२९ मध्ये त्याच्याकडे आलेल्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि कावीळ असेतो त्याचे सांधे दुखायचे थांबले. गरोदर बायकांचा आमवातही त्या महिन्यांत पुष्कळदा ओसरतो, हेही हेंचनं टिपून ठेवलं. यावरून त्यानं ताडलं की आमवात हा काही परत न फिरणारा रोग नव्हे. त्याला आवरणारं एखादं द्रव्य शरीर स्वतःच बनवत असणार. ते द्रव्य कोणतं, हे कळायला त्याला जवळजवळ वीस वर्षं लागली. मला या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: इतर डॉक्टरांनी ‘योगायोग’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट या माणसानं वर्षानुवर्षं सोडली नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसननं १८५५ साली दाखवून दिलं की ती निकामी झालेल्या रुग्णांचा जोर जातो, कातडी काळवंडते आणि ते खंगत जाऊन मरतात. त्या काळी याचं कारण बहुधा क्षयरोग असे. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकारनं जनावरांतून या ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा ती जगली नाहीत. म्हणजे एवढ्याशा ग्रंथीत काहीतरी असं होतं, ज्यावाचून जगता येत नाही.

ते काय, हे शोधायला मेयोत केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये राइखश्टाइन कत्तलखान्यांतून येणाऱ्या गुरांच्या ग्रंथी किलोंनी, टनांनी उकरत बसले. हजार किलो ग्रंथींतून हाती लागायचे ते मोजके ग्रॅम, आणि त्यातही डझनावारी निरनिराळी संयुगं. सगळ्यांचा सांगाडा एकच: कार्बनच्या तीन षटकोनी आणि एक पंचकोनी अशा चार एकमेकींना जोडलेल्या कड्या. स्टिरॉइड म्हणतात तो हाच सांगाडा. कोलेस्टेरॉल, पुरुषांचा टेस्टोस्टेरॉन, बायकांचा इस्ट्रोजेन हे सगळे त्याच घराण्यातले. या सांगाड्यावरच्या प्रत्येक कार्बनला रसायनशास्त्रज्ञांनी क्रमांक दिला आहे, आणि अधिवृक्क ग्रंथीच्या कॉर्टिसोनचं, कॉर्टिसॉलचं वैशिष्ट्य म्हणजे अकराव्या कार्बनवर बसलेला ऑक्सिजन. तो नसेल तर सूज उतरवण्याचा गुणही नाही.

आणि नेमका तोच तिथे बसवणं महाकठीण. दुसऱ्या महायुद्धात एक अफवा उठली की जर्मनीच्या वैमानिकांना अधिवृक्क ग्रंथीचा अर्क देतात, म्हणून ते अतिउंचावरही टिकाव धरतात. ती खोटी होती. पण तिच्यामुळे अमेरिकी सरकारनं या संशोधनामागे जोर लावला. १९४४ च्या अखेरीस मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेटनं बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून कंपाउंड ई बनवून दाखवलं. त्या आम्लात ऑक्सिजन होता, पण बाराव्या कार्बनवर. तो शेजारच्या अकराव्यावर न्यायचा, म्हणून तिसाहून जास्त पायऱ्यांची वाट तुडवावी लागली. रॉचेस्टरच्या त्या बाईला टोचलेलं औषध या वाटेनं आलं होतं. १९४९ च्या सुमाराला त्याचा भाव ग्रॅमला दोनशे डॉलर होता.

दाराशी रुग्ण रांगा लावून उभे आणि औषध मात्र सोन्याहून महाग. हा तिढा सुटला तो एका बुरशीमुळे.

मिशिगनमधल्या कालामाझूच्या अपजॉन कंपनीत ड्युरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी सूक्ष्मजंतूंनाच कामाला लावायचं ठरवलं. मेक्सिकोच्या जंगलातल्या रानकंदांत डायोस्जेनिन नावाचं संयुग असतं. त्यापासून प्रोजेस्टेरॉन स्वस्तात बनतं, हे रसेल मार्करनं आधीच सिद्ध केलं होतं, आणि मेक्सिको शहरातली सिंटेक्स कंपनी ते बनवत होती. या प्रोजेस्टेरॉनचा सांगाडा तोच होता, पण अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन नव्हता. पीटरसन आणि मरे यांनी ते बुरशीच्या वाढत्या द्रावणात घातलं. बुरशीनं आपल्या विकरांनी ऑक्सिजन उचलला आणि नेमका अकराव्या कार्बनवर नेऊन बसवला, तोही एका पायरीत. सॅरेटला ज्यासाठी वर्षं खर्ची घालावी लागली, ते काम काचेच्या फ्लास्कमध्ये आपोआप झालं. १९५२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. पुढच्या काळात ग्रॅमचा भाव सहा डॉलरच्या आसपास उतरला. बुरशीचं नाव होतं ऱ्हायझोपस अऱ्हायझस. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं.

औषध स्वस्त झालं तशी त्याची दुसरी बाजूही उघडी पडली. शरीर दिवसभरात कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण दहा मिलिग्रॅमच्या आसपास. रुग्णांना मात्र त्याच्या कितीतरी पट मिळत होतं. अंगात मीठ आणि पाणी साठे, चेहरा चंद्रासारखा गोल होई, रक्तदाब चढे, साखर वाढे, हाडं ठिसूळ होत. इंजेक्शन थांबलं की सांधे पुन्हा धरत. हेंचला हे पहिल्या काही महिन्यांतच दिसलं होतं.

मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार करून पाहिले. स्क्विब कंपनीच्या जोसेफ फ्राइडनं नवव्या कार्बनवर फ्लोरिनचा अणू बसवला. सूज उतरवण्याची ताकद दहापट झाली, पण मीठ धरून ठेवण्याची ताकद शेकडोपट. आमवाताला ते निरुपयोगी ठरलं. पण ज्यांची ग्रंथीच निकामी आहे, ज्यांच्या अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, अशा अ‍ॅडिसनच्या रुग्णांना ते जीवदान ठरलं. फ्लुड्रोकॉर्टिसोनची ती गोळी आजही ते रोज घेतात. १९५५ मध्ये शेरिंग कंपनीनं या वेळी एका जिवाणूकडून पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध घडवून घेतला, आणि प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन जन्माला आले. ताकद चौपट, मीठ कमी. मग सोळाव्या कार्बनवर छोटासा मिथाइल गट जोडला, फ्लोरिन ठेवला, दुहेरी बंधही ठेवला. १९५८ च्या सुमाराला डेक्सामेथासोन आलं. मीठ धरून ठेवण्याचा गुण जवळपास शून्य, सूज उतरवण्याची ताकद कॉर्टिसॉलच्या पंचवीस-तीसपट. वीस मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉलच), पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांचा जोर साधारण सारखाच. गोळी छोटी दिसते म्हणून औषध सौम्य असं मानणाऱ्यानं हा हिशेब जरूर पाहावा.

रसायनशास्त्र जिंकलं ते इथवर. मिठाचा त्रास वेगळा काढता आला. साखर, हाडं, प्रतिकारशक्ती यांचा काढता आला नाही. कारण पेशीत शिरल्यावर हे सगळे रेणू एकाच ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतात. तो ग्राहक मग पेशीच्या केंद्रकात जातो, डीएनएला भिडतो आणि काही जनुकं चालू, काही बंद करतो. सुजेचे संदेश थांबवणारा आणि यकृताला साखर बनवायला लावणारा ग्राहक तोच. चांगलं आणि वाईट निराळं करणारा रेणू शोधण्यात पुढे कित्येक दशकं गेली. काही उमेदवार प्राण्यांत आशादायक वाटले, पण प्रेडनिसोलोनला खरा पर्याय अजून मिळालेला नाही. माझं स्पष्ट मत असं आहे की स्टिरॉइडचे दुष्परिणाम हा औषधाच्या गुणाचाच भाग आहे. म्हणून मात्रा किती, किती दिवस आणि कोणत्या वाटेनं, हाच या औषधाचा खरा विचार.

वाटेवर मात्र छान काम झालं. दम्यासाठी १९७२ मध्ये बेक्लोमेथासोनचा पंप आला, औषध थेट श्वासनळीत. पुढे आलेलं फ्लुटिकासोन असं बांधलं आहे की गिळला गेलेला भाग यकृतात जवळपास पूर्ण नष्ट होतो, रक्तात एक टक्काही पोचत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत ‘पंपाची सवय लागेल’ म्हणून तो टाळतात आणि त्याऐवजी महिनोन्महिने पुडीतल्या गोळ्या चालतात. पुडीत बहुधा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असतं. टाळायचं ते चालू राहतं आणि घ्यायचं ते टाळलं जातं. त्याच १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका असेल, तर आईला बीटामेथासोन या स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं दिल्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. आज हे जगभर चालतं.

कातडीसाठीची औषधं निवडायची १९६२ मधली युक्ती साधी होती. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं स्टिरॉइड मनगटाच्या वरच्या कातडीवर लावायचं, रात्रभर झाकायचं, आणि सकाळी पाहायचं: जिथे केशवाहिन्या आकसून कातडी पांढरी पडली, तिथलं औषध जबरदस्त. बीटामेथासोनच्या सतराव्या कार्बनवर एक मेदाम्ल जोडलं की या परीक्षेत ते फार वर जातं, हे यातूनच कळलं. क्लोबेटासोल तर सर्वांत जहाल गटात बसलं.

आणि मेडिकलमध्ये नायट्यासाठी सहज मिळणाऱ्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं, सोबत बुरशीनाशक, सोबत प्रतिजैविक. एका दिवसात खाज थांबते. नायट्याचा लालसरपणा जातो, पण बुरशीला रोखणारी कातडीची शिपायगिरीही गप्प होते, आणि वर्तुळं पसरत जातात. पुढे तीच ट्यूब गोरेपणासाठी चेहऱ्यावर. वर्षभरात कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, क्रीम सोडली की आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टिरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद आहे, एवढंच म्हणता येईल.

मग कोविड आला. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीनं जाहीर केलं: रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे पाचव्या हिश्श्यानं. महासाथीत जीव वाचवणारं पहिलं सिद्ध औषध, आणि तेही साठ वर्षांपूर्वीचं, रुपया-दोन रुपयांचं. त्याच चाचणीत आणखी एक ओळ होती: ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही, त्यांना फायदा नाही. ती ओळ फार थोड्यांपर्यंत पोचली. दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून घरोघर डेक्सा आणि मेड्रॉल ही स्टिरॉइडं सुरू झाली. मात्राही वाढली, दिवसही वाढले. आधीच मधुमेहाचं प्रमाण मोठं असलेल्या देशात साखर बेलगाम झाली.

आणि मग काळी बुरशी, म्युकरमायकोसिस. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ ला दिलेल्या आकडेवारीनुसार देशात ४०,८४५ रुग्ण होते. त्यांपैकी जवळपास ६४ टक्के मधुमेही होते आणि जवळपास ५३ टक्के स्टिरॉइडवर होते. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. नाकातून सुरू होऊन ही बुरशी डोळ्याच्या खोबणीत आणि तिथून मेंदूत शिरते. कित्येकांचे डोळे आणि जबड्याची हाडं काढावी लागली. तिच्यावरचं औषध लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी मिळेना, तेव्हा वर्ध्यात अ‍ॅम्फोटेरिसिन बीचं इमल्शन स्वरूपातलं इंजेक्शन बनवायला सुरुवात झाली.

रक्तात साखर आणि आम्ल वाढलं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं आणि बुरशीला ते हवंच असतं. त्यात स्टिरॉइडनं पांढऱ्या पेशींना गप्प केलेलं. भारतातल्या या संसर्गात सर्वाधिक आढळणारी बुरशी म्हणजे ऱ्हायझोपस अऱ्हायझस, कालामाझूच्या फ्लास्कमध्ये अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणारी तीच जात. यात कार्यकारणभाव काही नाही. कारखान्यातली बुरशी रुग्णालयात आली नाही. ती मातीत, कुजक्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर पूर्वीपासून आहे.

आता वाचकांना थेट विनंती. तीन आठवड्यांहून जास्त काळ तोंडानं स्टिरॉइड घेतलं असेल, तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं, कारण मेंदू ग्रंथीला हुकूमच देत नाही. अशा वेळी गोळी अचानक बंद केली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करा. शस्त्रक्रियेआधी, अपघातात, मोठ्या आजारपणात ‘मी हे औषध घेतो’ असं आवर्जून सांगा आणि तसा कागद पाकिटात ठेवा. घरातल्या मलमाच्या ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल, तर चेहऱ्याला, जांघेत किंवा तान्ह्या बाळाच्या अंगाला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.