लुकलुकणारा पिवळा दिवा

भामरागडहून आलापल्लीमार्गे गडचिरोलीला यायचे म्हणजे दोन्ही बाजूंना जंगल आणि मोबाइलला अधूनमधूनच रेंज. मागच्या सीटवर कळा सुरू झालेली बाई, सोबत सासू, आणि अशा वेळी डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकू लागला तर? काही चालक 'सेन्सरचा दिवा आहे, पेटतच असतो' म्हणत गाडी दामटतात. काही घाबरून दिसेल तिथे, पाचोळ्यातच गाडी उभी करतात. दोन्ही चुकीचे.

हा दिवा स्थिर पेटला तर बिघाड आहे, पण घाई नाही. एकदोन दिवसांत गॅरेज गाठावे. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत तो लुकलुकला तर मात्र अर्थ वेगळा. इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही. याला मिसफायर म्हणतात. मिस्त्रींच्या भाषेत गाडी 'मिसिंग' मारते. गाडी झटके खाते, पिकअप मिळत नाही. (डिझेल गाड्यांत दिव्यांचे अर्थ वेगळे असू शकतात. त्यासाठी गाडीसोबतचे पुस्तक एकदा तरी उघडावे. ते बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेले नसते.)

मिसफायर ओळखण्याची रीत नाडीपरीक्षेसारखीच आहे. मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा पेटतो. एखादा ठोका चुकला की फिरणारा दांडा क्षणभर मंदावतो. तेवढा फरक सेन्सर टिपतो.

न जळलेले पेट्रोल मग सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असलेली ही जाळी विषारी वायूंचे रूपांतर करते. एरवीही ती चारशे अंशांच्या वर तापलेली असते. मिसफायर चालू राहिला तर तापमान हजार अंशांच्या आसपास जाऊ शकते आणि जाळी खराब होते. प्लग बदलायचा खर्च शेकड्यांत, कन्व्हर्टरचा हजारोंत.

म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, एसी बंद करावा, वेग उतरवावा. लुकलुकणे थांबून दिवा स्थिर झाला तर हळूहळू जवळचे गाव, शक्यतो आरोग्य केंद्र गाठता येते. थांबले नाही तर गाडी उभी करून इंजिन बंद करावे आणि रेंज मिळताच १०८ला फोन करावा. रुग्ण गंभीर असेल आणि दुसरे वाहन मिळण्याची आशाच नसेल, तर कन्व्हर्टर गेला तरी चालेल, माणूस पोचला पाहिजे. पण गाडीत कोणीच आजारी नसताना तसेच पुढे रेटण्यात शहाणपण नाही.

कुठे थांबायचे, हेही महत्त्वाचे. मोहफुलांपासून तेंदूपानांच्या हंगामापर्यंत या जंगलात पाचोळा वाळून कुरकुरीत झालेला असतो. तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाशी असतो. त्याखाली वाळलेले गवत आले तर पेट घेऊ शकते. डांबर, मुरूम किंवा उघडी जमीन पाहूनच थांबावे.

दुसरा धोका दिसत नाही. कन्व्हर्टर निकामी झाल्यावर धुरातला कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. सायलेन्सरचा पाइप कुठे फुटलेला असेल तर काचा बंद असलेल्या गाडीत तो शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. चंद्रपूरच्या मे महिन्यात असा रुग्ण आला की पहिला विचार उन्हाचा येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण गाडीतल्या सगळ्यांनाच एकदम तसे होत असेल तर शंका घ्यावी. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते, कारण नेहमीच्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त ऑक्सिजनने भरलेले वाटते. गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त जाचतो. काचा उघडाव्यात, सगळ्यांना मोकळ्या हवेत न्यावे आणि दवाखान्यात 'गाडीत असताना झाले' हे आवर्जून सांगावे. शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर रक्तातले विष कितीतरी लवकर उतरते.

गॅरेजमध्ये स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ही ओबीडी-२ व्यवस्था बंधनकारक आहे. 'पी ०३०२' असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. 'पी ०३००' म्हणजे नेमका एक सिलिंडर सांगता येत नाही. पण कोड हे लक्षण आहे, निदान नव्हे. ताप आहे एवढे कळले, मलेरिया की टायफॉइड हे कळायचे आहे. कोड पाहताच महागडा सुटा भाग बदलणाऱ्या मिस्त्रीला थोडे थांबवावे.

ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते तिथे सोपी युक्ती आहे: दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. कोड बदलून 'पी ०३०३' झाला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर प्लग पाहायचा, मग इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. पावसाळ्यात आधी वायर पाहावी. उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा कॉइलच्या खळग्यात साचलेले पाणी बऱ्याचदा सापडते.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवणे हा जुना उपाय अजून चालतो. त्याने कोड पुसला जातो आणि बिघाडाच्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, ही नोंदही जाते. केसपेपर फाडून टाकल्यासारखेच ते. आधी कोड वहीत उतरवून घ्यावा, दुरुस्ती करावी, मग पुसावा. त्यानंतर वीसेक किलोमीटर, एखाद्या चढावरही, गाडी चालवून स्कॅनर पुन्हा लावावा.