बाळाच्या चेहऱ्यावरील डाग : कधी थांबावे, कधी थांबू नये?

आमच्या शाळेतील एका शिक्षिकेची मुलगी तीन आठवड्यांची असताना तिच्या डाव्या पापणीवर डाळिंबाच्या दाण्यापेक्षाही लहान असा लाल ठिपका दिसू लागला. जन्मतः तो नव्हता. घरातील एक आजी म्हणाल्या, "ग्रहण नीट पाळले नसेल." शेजारच्या काकूंनी धीर दिला, "माझ्या भाच्यालाही असाच होता. पाच वर्षांचा होईपर्यंत आपोआप गेला." दुसरे मत ऐकायला बरे होते, म्हणून सर्वांनी तेच मानले. तिसरा महिना संपत आला तेव्हा ठिपक्याची बोराएवढी मऊ गाठ झाली होती आणि पापणी जेमतेम अर्धी उघडत होती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांनी बाळाला पाहिले आणि विचारले, "आधी का आणले नाही?"

गंमत अशी, की काकूंचे म्हणणे खोटे नव्हते. असे डाग पुष्कळदा खरोखरच ओसरतात. मग चूक कोठे झाली? हे समजण्यासाठी जन्मखुणांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

रंग सारखा, वागणूक वेगळी

पूर्वी या खुणांना त्यांच्या रूपावरून नावे देत. स्ट्रॉबेरीसारखी दिसते म्हणून एकीला ते नाव, तर लाल मद्याचा रंग म्हणून दुसरीला 'पोर्ट वाइन'. १९८२ साली बॉस्टन येथील शल्यचिकित्सक जॉन मलिकन आणि जीवशास्त्रज्ञ ज्युली ग्लोवाकी यांनी वेगळा प्रश्न विचारला : या डागातील पेशी करतात काय? त्यांना असे आढळले, की काही डागांत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी झपाट्याने विभाजित होत असतात, तर काहींत पेशी शांत असतात. केवळ वाहिन्यांची घडण बिघडलेली असते. म्हणजे दिसायला भावंडे, पण स्वभाव निराळे.

पेशी वाढणाऱ्या प्रकाराला हेमँजिओमा म्हणतात. तो जन्मतः बहुधा दिसत नाही, किंवा एखादी फिकट खूण असते. पहिल्या काही आठवड्यांत तो उगवतो आणि पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने वाढतो. पाचव्या महिन्यापर्यंत त्याची बहुतेक वाढ होऊन गेलेली असते. पुढे तो सावकाश, काही वर्षांत, ओसरतो. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये तो अधिक आढळतो.

पोर्ट वाइन डाग मात्र जन्मापासूनच असतो. तो सपाट असतो, मुलाबरोबर त्याच प्रमाणात वाढतो आणि आपोआप जात नाही. उलट वयाबरोबर गडद व जाड होऊ शकतो. २०१३ साली त्याचे कारण सापडले. गर्भातील एखाद्या पेशीच्या एका जनुकात बदल होतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींतच तो राहतो. आईच्या खाण्याशी, ग्रहणाशी किंवा विळीने काही चिरण्याशी याचा काही संबंध नाही. ही गोष्ट आईला कोणीतरी स्पष्टपणे सांगण्याची गरज असते.

तिसरा लाल प्रकार अगदी निरुपद्रवी असतो. कपाळाच्या मधोमध, पापण्यांवर किंवा मानेमागे फिकट गुलाबी चट्टे दिसतात व बाळ रडले की गडद होतात. बऱ्याच नवजात बाळांना ते असतात. चेहऱ्यावरचे चट्टे साधारण दीड-दोन वर्षांत पुसट होतात.

काही डाग लाल नसून निळसर-करडे असतात. कपाळ, डोळ्याभोवतीचा भाग व गाल यांवर एकाच बाजूला पसरलेल्या अशा डागाला जपानी त्वचारोगतज्ज्ञ ओटा यांचे नाव आहे. आशियातील लोकांत तो विशेष आढळतो. त्यातील रंजकद्रव्य मेलॅनिनच, म्हणजे तपकिरी. मग डाग निळा का? कारण हे मेलॅनिन त्वचेच्या खालच्या थरात असते. तांबडा प्रकाश खोलवर जाऊन तेथे शोषला जातो, तर निळा प्रकाश वरच्या थरातच विखुरला जाऊन आपल्या डोळ्यांकडे परततो. प्रकाशाचे विकिरण शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

डाग कोठे आहे, यालाही महत्त्व

पाठीवरचा हेमँजिओमा आणि पापणीवरचा हेमँजिओमा यांच्या पेशी एकच. पण परिणाम फार वेगळे. जन्मल्यावर बाळाचा मेंदू पाहायला शिकत असतो. एका डोळ्यासमोर पापणीचा पडदा आला किंवा गाठीच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलला, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे गाठ ओसरली, तरी तो डोळा 'आळशी' राहतो. काकूंच्या भाच्याचा डाग खांद्यावर होता, हे नंतर कळले.

म्हणून काही जागा ध्यानात ठेवाव्यात. डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर वा ओठावर वाढता डाग असेल तर लगेच दाखवावे. हनुवटी व जबड्यावर पसरलेल्या हेमँजिओमाबरोबर कधी श्वासमार्गातही तशीच गाठ असते. श्वास घेताना घरघर असेल तर विलंब नको. अंगावर पाच किंवा अधिक हेमँजिओमा असतील, तर यकृताची सोनोग्राफी करतात. कपाळावर पोर्ट वाइन डाग असेल, तर डोळ्यातील दाब तपासतात आणि बाळाला आकडी येते का, याकडे लक्ष ठेवतात. ओटाच्या डागातही डोळे तपासावे लागतात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने २०१९ साली अशी शिफारस केली, की जोखमीच्या हेमँजिओमाचे बाळ महिन्याभराचे होईपर्यंत तज्ज्ञांनी पाहावे. वाढ वेगाची, म्हणून घाईही तेव्हाच.

औषध आणि प्रकाश

हेमँजिओमावरील आजचे मुख्य औषध योगायोगाने सापडले. फ्रान्समधील बोर्दो येथे अशा एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रानोलोल हे जुने औषध दिले गेले. दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडून तिचा रंग बदलू लागला. २००८ साली क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. या औषधाने रक्तातील साखर व हृदयाचे ठोके कमी होऊ शकतात. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, बाळाला दूध पाजून द्यायचे असते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून कधीही नाही.

पोर्ट वाइन डागासाठी लेसर वापरतात. १९८३ साली अँडरसन व पॅरिश यांनी त्यामागील तत्त्व मांडले. हीमोग्लोबिन पिवळा प्रकाश चांगला शोषते, म्हणून सुमारे ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा झोत सोडतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकतो. तव्यावरची भाकरी आपण बोटांनी झटकन उलटतो तेव्हा बोट भाजत नाही, कारण उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. तसेच येथे वाहिनी तापते, शेजारची त्वचा वाचते. मात्र आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही थोडा प्रकाश शोषते. त्यामुळे भाजण्याचा किंवा पांढरे डाग पडण्याचा धोका राहतो. ओटाच्या डागासाठी तर वेगळा, नॅनोसेकंदांचा झोत लागतो. एकच यंत्र सर्व डागांना चालत नाही.

कोणाकडे जावे?

प्रथम बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्या सल्ल्याने त्वचारोगतज्ज्ञ. 'स्किन क्लिनिक' अशी पाटी असलेली प्रत्येक जागा तज्ज्ञाची नसते. एम.बी.बी.एस. नंतर त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका आहे का आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग, नेत्र व बालरोग हे विभाग एकाच आवारात असतात, ही ग्रामीण पालकांसाठी मोठी सोय आहे.

जाताना आठवड्याच्या अंतराने काढलेली छायाचित्रे न्यावीत. डागाशेजारी मोजपट्टी धरावी. तेथे चार प्रश्न विचारावेत : हा कोणता डाग आहे? काहीच केले नाही तर काय होईल? डोळ्यांची वा अन्य तपासणी हवी का? लेसर सुचवत असाल, तर सावळ्या त्वचेच्या किती लहान मुलांवर आपण तो वापरला आहे? "थांबू या" असे उत्तर मिळाले, तर "किती दिवस, आणि काय दिसले तर लगेच यावे?" हेही विचारावे. तपासून थांबणे आणि नुसते थांबणे यांत फार अंतर आहे. बिब्बा, चुना किंवा डागणी यांचा प्रयोग मात्र मुळीच करू नये.

त्या मुलीची गाठ औषधाने उतरली, पण डोळा आळशी होऊ लागला होता. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून, दोन वर्षे चिकाटी धरून तो सुधारावा लागला. आज ती पाचवीत आहे आणि फळा नीट वाचते. पापणीवर थोडी सैल त्वचा तेवढी राहिली आहे.

प्रत्येक डाग घालवता येत नाही आणि घालवलाच पाहिजे असेही नाही. सोव्हिएत संघाचे अखेरचे अध्यक्ष गोर्बाचेव यांच्या कपाळावरचा पोर्ट वाइन डाग साऱ्या जगाने पाहिला. आपल्या वर्गात असे मूल असेल आणि इतर मुले त्याला नावे ठेवत असतील, तर त्यांना त्वचेचे थर, रक्तवाहिन्या आणि मेलॅनिन शिकवावे. मात्र शिकवताना त्या मुलाकडे बोट दाखवू नये.